आसनाला साजेसे वस्त्र

२१ जून जवळ आला की शाळा, वसाहती आणि कार्यालये यांमध्ये योगदिनाची लगबग सुरू होते. सतरंज्या, ध्वनिक्षेपक, अल्पोपाहार या यादीत अलीकडे आणखी एक बाब हमखास वरच्या क्रमांकावर असते, ती म्हणजे टी-शर्ट. छातीवर प्रायोजकाचे बोधचिन्ह, पाठीवर घोषवाक्य आणि कापड मात्र घाम न टिपणारे! ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १७७ देशांच्या सहप्रायोजकत्वाने योगदिनाचा ठराव संमत केला, याचा प्रत्येक भारतीयाला सार्थ अभिमान आहे. परंतु योग जगभर पोहोचला, तसा त्याचा बाजारही जगभर पोहोचला, आणि आता तो उलट वाटेने आपल्याच अंगणात येऊन उभा आहे. विशिष्ट कंपनीची, अंगाला घट्ट चिकटणारी महागडी तुमान असल्याखेरीज योग करता येत नाही, असा समज महानगरांतील तरुण पिढीत रुजू लागला आहे.

वास्तविक याबाबत आपली परंपरा अत्यंत व्यवहारी आहे. महर्षी पतंजलींनी आसनाची लक्षणे दोनच सांगितली, स्थैर्य आणि सुख. जे वस्त्र या दोहोंच्या आड येत नाही, ते योग्य, ही साधी कसोटी. कमरेचा पट्टा किंवा घट्ट इलॅस्टिक पोटावर रुतत असेल, तर दीर्घ श्वसन पूर्ण होत नाही. जाड जीनमध्ये पद्मासन साधत नाही. धनुरासनात आणि भुजंगासनात पुढची बटणे व बक्कल टोचतात. पायमोजे घातले, तर वृक्षासनात तोल जातो. मात्र वस्त्र अति सैल असणेही उपयोगाचे नाही. सर्वांगासनात घोळदार सदरा तोंडावर येतो आणि साधकाचे चित्त श्वासावर न राहता सदऱ्यावर राहते. म्हणून सुती, घाम टिपणारे, बेताचे सैल, नाडी बांधायचे वस्त्र उत्तम. शवासनात शरीर निवते, यासाठी हिवाळ्यात जवळ एखादी पातळ चादर असावी. घरी धुतलेला लेंगा आणि बंडी यांनी हे सारे साधते. त्यासाठी दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

पुण्यात १९७५ मध्ये योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था उभी राहिली. तेथील अभ्यासात मांडीशी इलॅस्टिकने आवळलेली आखूड चड्डी परिचित आहे. त्यामागे फॅशन नव्हती. गुडघा आणि मांडी शिक्षकाला स्पष्ट दिसावी आणि उलट्या आसनांत वस्त्र सरकू नये, एवढाच हेतू. गरजेतून वस्त्र ठरते, वस्त्रातून गरज निर्माण करायची नसते, हाच त्यातला धडा.

खरा प्रश्न याहून गंभीर आहे आणि तो आपल्या घरांतला आहे. योगवर्गाला यावेसे वाटूनही कित्येक गृहिणी येत नाहीत. साडीत आसने जमत नाहीत, पंजाबी पोशाख सासरी चालत नाही, आणि वर्गाचा ठरलेला गणवेश परवडत नाही. चाळिशीनंतर गुडघे आणि कंबर बोलू लागते, तेव्हा ज्यांना योगाची सर्वाधिक आवश्यकता, त्याच भगिनी वस्त्रापायी दूर राहतात. संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली घरातील सुनेच्या सलवारीवर नाक मुरडणारे आणि योगाचे गोडवे गाणारे, ही दोन्ही माणसे एकच असतील, तर दोष संस्कृतीचा नव्हे, आपला आहे. मर्यादा हवीच, पण ती स्वतः त्या भगिनीने ठरवावी, ओसरीवर बसलेल्यांनी नव्हे.

याबाबत संघाचेच उदाहरण बोलके आहे. नव्वद वर्षे ज्या अर्ध्या विजारीशी स्वयंसेवकाची ओळख जोडली गेली होती, ती २०१६ च्या विजयादशमीपासून बदलली आणि तपकिरी पूर्ण विजार आली. भावना गुंतलेल्या होत्या, तरीही कालसुसंगतता आणि सोय यांचा विचार झाला. त्यामुळे ना शाखा खंडित झाली, ना सूर्यनमस्कार. गणवेशाबाबत संघटना हे औदार्य दाखवू शकते, तर कुटुंबांना ते अवघड का व्हावे?

योगवर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी यंदा तीन गोष्टी कराव्यात. गणवेशाची सक्ती करू नये. वर्षातून एकदा घालायच्या टी-शर्टचा पैसा वर्षभराच्या वर्गावर खर्च करावा. कापड घ्यायचेच असेल, तर ते हातमागाचे, जवळच्या विणकराचे घ्यावे आणि वस्तीतल्याच शिवणवर्गातील भगिनींकडून शिवून घ्यावे. स्वदेशी ही केवळ भाषणाची गोष्ट नाही, ती अंगावर वागवायची गोष्ट आहे.

योग ही अंतर्मुख होण्याची साधना आहे. डोळे मिटून बसायचे असताना शेजाऱ्याच्या अंगावर काय आहे, हे पाहण्याचे कारणच उरत नाही. २१ जूनची गर्दी ओसरल्यावर २२ जूनच्या पहाटे किती घरांत सतरंजी अंथरली जाते, यावरच या चळवळीचे यश मोजले जाईल.