मिनिटांचा हिशेब

सुधीर फडके यांच्या जीवनावरील ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ हा योगेश देशपांडे दिग्दर्शित चित्रपट १ मे २०२४ रोजी प्रदर्शित झाला. अन्यत्र त्याची चर्चा गाण्यांवरून झाली. आपल्याकडे सिल्वासात मात्र ती निराळ्याच कारणाने पेटली आणि अद्याप धुमसते आहे. टोकरखाड्यातील जुन्या मराठी घरांत, हळदीकुंकवापासून गणपतीच्या मांडवापर्यंत, एकच तक्रार कानी पडते : दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाला चित्रपटात न्याय मिळाला नाही. बाबूजी आपले, २ ऑगस्ट १९५४ हा दिवस आपला, मग पडद्यावर आपल्या वाट्याला इतकी थोडी मिनिटे का? या तक्रारीशी प्रस्तुत लेखकाला भांडायचे आहे. आणि भांडण घरातल्यांशीच असल्यामुळे आडपडदा ठेवण्याचे कारण दिसत नाही.

प्रथम साधा हिशेब मांडू. बाबूजी २५ जुलै १९१९ रोजी जन्मले आणि २९ जुलै २००२ रोजी गेले. त्र्याऐंशी वर्षांचे आयुष्य पडद्यावरच्या काही घटकांत बसवायचे, त्यात कोल्हापूरचे बालपण, उमेदवारीतील उपासमार, ललिताबाई, गदिमा, ‘गीतरामायण’ आणि अखेरच्या काळातला, २००१ साली पडद्यावर आलेला ‘वीर सावरकर’. एवढे सारे यायचे. या गर्दीत एका मुक्तिसंग्रामाला किती जागा मिळणार? जीवनपट हा एका माणसाचा असतो, एका प्रदेशाचा नव्हे. आपल्या प्रदेशाचा इतिहास दुसऱ्याच्या चरित्रात शोधायचा आणि तो अपुरा निघाला म्हणून रुसून बसायचे, हा न्याय अजब आहे.

दुसरा पक्षही आपल्यातच आहे, बहुधा तरुण मंडळींचा. त्यांचे म्हणणे असे, की कलावंताचे मोल त्याच्या कलेवरून करावे. संगीतकाराच्या चित्रपटात शस्त्रे आणि मोहिमा हव्यातच कशाला? हे मत वरवर समंजस वाटते, पण ते इतिहासाच्या अज्ञानातून आलेले आहे. हवेलीच्या मुक्तीत गाणे ही शोभेची वस्तू नव्हती. या कार्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून १९५४ साली पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांचा गायनाचा कार्यक्रम झाला. राजा वाकणकर, विश्वनाथ नरवणे, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारख्यांच्या बरोबरीने बाबूजी या कामात होते, आणि ते केवळ गाण्यापुरते नव्हते. मोहिमेची पुंजी गाण्यातून आली असेल, तर गाणे आणि मोहीम यांची फारकत कशी करायची? तारखाही पाहाव्यात. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला. मध्ये अवघे आठ महिने आहेत. त्याच माणसाने त्याच वर्षाच्या आत ही दोन्ही कामे केली. त्यांतले एक वगळून दुसरे समजेल, असे मानणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा.

तरीही आपली मूळ तक्रार उरतेच, आणि तिच्या उत्तरासाठी थोडे दूर जावे लागेल. इंग्लंडच्या ‘बीटल्स’ या चौघांच्या वाद्यवृंदाचे नाव आपल्या नातवंडांना ठाऊक आहे. जानेवारी १९६९ मध्ये त्यांची गाण्यांची जुळवाजुळव सुरू असताना कॅमेरे अखंड चालू होते. त्या चित्रणातून १९७० साली ‘लेट इट बी’ हा सुमारे ऐंशी मिनिटांचा माहितीपट निघाला. वाद्यवृंद नुकताच फुटला होता. लोकांनी त्यात भांडणे आणि उदासी तेवढी पाहिली आणि पुढे पन्नास वर्षे तेच खरे मानले. २०२१ साली पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने त्याच जुन्या चित्रणातून, सुमारे साठ तासांच्या चित्रफिती आणि दीडशे तासांहून अधिक ध्वनिफिती तपासून, जवळजवळ आठ तासांचा ‘गेट बॅक’ सादर केला. त्यात तीच माणसे हसताना, एकमेकांची टर उडवताना, गाणे घडवताना दिसली. अनेक रसिकांनी आपले जुने मत बदलले. काहींनी आठ तास फार झाले म्हणून कुरकुरही केली. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पहिला निवाडा एकांगी ठरला तेव्हा तो दुरुस्त करता आला, कारण मूळ चित्रण कोणीतरी जपून ठेवले होते.

आता आपल्याकडे वळू. आपले साठ तास कोठे आहेत? आपल्या दीडशे तासांच्या ध्वनिफिती कोणत्या कपाटात आहेत? उद्या एखादा दिग्दर्शक टोकरखाड्यात येऊन म्हणाला, की मला केवळ हवेलीवर माहितीपट करायचा आहे, साधने द्या. तर आपण त्याच्या हाती काय ठेवणार? मुक्तिदिनाच्या भाषणांतली ठरावीक वाक्ये आणि चहा. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्यासाठीच केली असावी.

आणि जे आपण सांगतो, ते तरी पुरते सांगतो काय? आपल्या भाषणांतली मुक्ती ही मराठी तरुणांनी एका रात्रीत मिळवलेली मुक्ती असते. वस्तुतः दादरा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात प्रथम मुक्त झाले, ते फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि त्यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या हातून. तेथे अनिसेतो रोझारियो हा पोलीस अधिकारी मारला गेला. त्याचे नाव आपण घेतही नाही. नरोली त्यानंतर आणि सिल्वासा त्याहीनंतर. तेथे आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक होते. सीमेवरच्या वारल्यांत काम करणारे कम्युनिस्टही या लढ्यात उतरले होते. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो ११ ऑगस्टला शरण आला. हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला तो १७७९ च्या तहानंतर, म्हणजे मराठ्यांनीच तो महसुलासाठी दिला होता, हे तर आपण सोयीस्करपणे विसरतो. चित्रपटाने आपल्याला थोडी मिनिटे दिली म्हणून आपण रागावतो. आपल्या भाषणांत मस्कारेन्हसांना आपण किती मिनिटे देतो? वारल्यांना किती?

येथे एक कबुली देणे भाग आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्याकडे भातलावणीला एक वृद्ध वारली बाई येत असे. एकदा ऑगस्टच्या पावसात ओटीवर बसून ती ‘त्या साला’ची गोष्ट सांगू लागली. बंदुका घेतलेली माणसे येत होती आणि जात होती, कोण कोणाचे ते कळत नव्हते, म्हणून तिची माणसे लेकरे घेऊन रानात लपली आणि दोन दिवस चूल पेटली नाही. प्रस्तुत लेखक तेव्हा तरुण आणि शहाणा होता. ‘‘आजी, तो तर आनंदाचा दिवस होता,’’ असे त्याने तिला हसून सांगितले. ती गप्प झाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि लेखकाने विचारलाही नाही. पुढे ती गेली. तिने सांगितलेले अर्धेमुर्धे वर आले आहे. न सांगितलेले कायमचे बुडाले. हे नुकसान कोणा दिग्दर्शकाने केलेले नाही.

मुक्ती खोटी होती, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तिची नोंद सर्व बाजूंनी झाल्यावाचून ती पुरती आपली होत नाही, एवढाच अर्थ आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे मुक्तीनंतर, नोकरीच्या निमित्ताने येथे आली. आपण त्या इतिहासाचे वारसदार असू, साक्षीदार नव्हे. साक्षीदार खानवेलच्या, रांध्याच्या पाड्यांवर आहेत, नरोलीच्या वाड्यांत आहेत. १९५४ साली जो दहा वर्षांचा होता, त्याने आज ऐंशी ओलांडली आहे. आणखी दहा वर्षांनी विचारण्यासारखे कोणी उरणार नाही.

म्हणून सूचना रोकडी आहे. प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल आहे. मंडळाच्या प्रत्येक सभासदाने या वर्षी एका वृद्धाकडे जावे, आणि आपल्या नातलगांच्या आधी वारली, कोकणा, धोडिया यांच्या घरी जावे. त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओघाने, न टोकता ऐकावे. सांगण्यात विसंगती निघाली तर ती मिटवू नये. आपल्याला न रुचणारे निघाले तर ते आधी जपावे. या पत्रिकेची पाने त्यासाठी मागावीत. संपादक ती देतील अशी आशा आहे, न दिल्यास त्यांच्याशीही भांडता येईल.

बाबूजींनी आपल्या वाट्याचे काम केले. त्यांच्या चित्रपटात आपली मिनिटे मोजत बसण्याचा हक्क, आपले काम केल्याशिवाय, आपल्याला पोचत नाही.