घर एक गुंठ्यात, नकाशात १०१ चौरस किलोमीटर

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांना घर बांधायचंय, ज्यांचं बांधून झालंय पण कागद नाहीत, किंवा ज्यांचा पोरगा आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल करतोय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

माझ्या आतेभावाचं गावाकडचं घर मातीच्या भिंतींचं. दोन पावसाळ्यांपूर्वी मागची भिंत बसली. जागा एक गुंठा, त्याच्या नावावर, मोजणी झालेली, शेजाऱ्याशी भांडण नाही. बांधायचंय काय, तर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि संडास. बँक म्हणते मंजूर नकाशा आणा, मग कर्जाचं बोलू. तोवर माझी आत्या, वय ७८, पत्र्याच्या शेडमध्ये झोपते. उन्हाळ्यात तिथे दुपारी काय होतं ते टिटवाळ्यात पत्र्याखाली राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

गावाचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही. भावाची फाईल अजून तिथेच आहे.

नकाशा काढतोय आपल्याच इथला एक पोरगा. आयटीआय केलेला, स्टेशनजवळच्या गाळ्यात बसतो, समोर झेरॉक्स मशीन आणि मागे एक कॉम्प्युटर. हुशार आहे. सही करणारे इंजिनीअर वेगळे. तर या पोराने काढलेला नकाशा पोर्टलने सहा वेळा परत पाठवला. सहा! प्रत्येक वेळी ओटीपी भावाच्या मोबाईलवर येणार, कागद पुन्हा सही होणार, म्हणजे भावाचा एक दिवसाचा खाडा. शेवटी मी तीन संध्याकाळ त्या पोराशेजारी स्टूल टाकून बसलो. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा, चित्रकलेचा शेवटचा तास नववीत झाला. पण बातमी समजून घ्यायची तर शेजारी बसावं लागतं, एवढं धंद्याने शिकवलंय.

पहिल्यांदा फाईल परत आली ती भूखंडाचं क्षेत्रफळ जुळत नाही म्हणून. पोराने नकाशा मिलिमीटरमध्ये काढला होता, पोर्टल मीटर धरतं. मिलिमीटरला मीटर समजलं की लांबी हजारपट आणि क्षेत्रफळ दहा लाखपट होतं. म्हणजे भावाचा एक गुंठा, साधारण १०१ चौरस मीटर, मशीनच्या लेखी १०१ चौरस किलोमीटर झाला! एवढी जमीन असती तर भाऊ कर्ज कशाला मागत बसला असता? उपाय अर्ध्या मिनिटाचा. सगळं सिलेक्ट करून 'स्केल' कमांडला ०.००१ द्यायचं. नकाशा फुटात असेल तर ०.३०४८. मग एका भिंतीचं माप घेऊन खात्री करायची. पण पोर्टलचा शेरा इंग्रजीत एका ओळीचा होता आणि त्यात 'युनिट तपासा' हे शब्दच नव्हते. तेवढ्यावर चार दिवस गेले.

दुसरा शेरा, खोलीची बाह्यरेषा बंद नाही. पोरगा मला स्क्रीनवर दाखवतोय, "दादा, बंदच आहे की ही लाईन!" डोळ्याला बंदच दिसते. झूम करत गेलो, करत गेलो, तर कोपऱ्यात केसाएवढी फट. माणसाला चौकोन दिसला की तो म्हणतो खोली. मशीन चौकोन बघत नाही, ते बघतं की ही एकच अखंड पॉलीलाईन आहे का आणि तिच्या प्रॉपर्टीमध्ये 'क्लोज्ड'समोर 'यस' आहे का. नसेल तर त्याच्या लेखी खोलीच नाही, क्षेत्रफळ शून्य. आधी 'ओव्हरकिल' चालवून एकावर एक बसलेल्या जादा रेषा काढा, मग 'पीएडिट'मध्ये जाऊन जॉईन करा, मग क्लोज करा. याच क्रमाने. उलट केलंत तर खालची चोरटी रेषा तशीच राहते आणि तुम्ही रात्री अकरापर्यंत बसता, आम्ही बसलो तसे.

लेयरचं प्रकरण त्याहून वरचं. भिंतीचा लेयर वेगळा, जिन्याचा वेगळा, मोकळ्या जागेचा वेगळा, आणि प्रत्येकाचं नाव ठरवून दिलेलं. एका नावाच्या शेवटी स्पेसबार एकदा जास्त दाबला गेला होता. स्पेस डोळ्याला दिसत नाही. फाईल परत. यावर मी सांगेन ते एवढंच, नावं हाताने टाईप करूच नका. मंजूर झालेल्या एखाद्या फाईलमधून रिकामं टेम्पलेट करून ठेवा आणि प्रत्येक नकाशा त्यातच सुरू करा.

चौथ्या वेळी भावाचं नावच गायब. सातबाऱ्यावर नाव मराठीत, म्हणून नकाशावरही मराठीत टाकलं, आणि पोर्टलवर दिसली फक्त प्रश्नचिन्हं. टेक्स्ट स्टाइलला जुना एसएचएक्स फॉण्ट लावला की देवनागरीचं असं होतं. मंगल किंवा निर्मला यूआय लावला की नाव दिसतं, जोडाक्षरं मात्र एकदा नीट वाचून घ्या. जुन्या डीटीपीच्या फॉण्टमध्ये टाईप केलेलं नाव दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलतंच काहीतरी वाचलं जातं, ते आमच्या वृत्तपत्रवाल्यांइतकं कोणाला माहीत नसेल.

पाचव्यांदा तर पोर्टलचाही दोष नव्हता. वीज गेली. पावसात आपल्याकडे वीज कशी जाते ते लिहीत बसत नाही. दुरुस्त केलेला नकाशा गेला म्हणून पोरगा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा कळलं की त्याला कोणी शिकवलंच नव्हतं की फाईलच्या शेजारी त्याच नावाची 'बॅक' फाईल पडलेली असते, तिचं शेवटचं नाव बदलून 'डीडब्ल्यूजी' केलं की आधीचा नकाशा उघडतो. टेम्प फोल्डरमध्ये 'एसव्ही' आणि डॉलरचं चिन्ह असलेली आपोआप सेव्ह झालेली फाईल असते, तीही तशीच उघडते. फाईल बिघडलीच असेल तर 'रिकव्हर', नंतर 'ऑडिट'. आणि ती आपोआप सेव्ह होण्याची दहा मिनिटांची वेळ कमी करून पाच करा.

सहावा शेरा फक्त 'फाईल अवैध'. बस. कारण नाही, ओळ नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये जाऊन जुन्या, २०१३च्या आवृत्तीत सेव्ह केली आणि फाईल घेतली गेली. नवीन आवृत्ती वाचता येत नाही, असं लिहायला किती शब्द लागले असते?

आता कोणी म्हणेल, पत्रकार साहेब, तुमच्या पोराला सॉफ्टवेअर येत नाही, त्यात व्यवस्थेचा काय दोष? हे मला एका इंजिनीअर मित्राने तोंडावर ऐकवलंही. त्याचं अर्धं खरं आहे. पूर्वी कागदी नकाशा टेबलावर ठेवायचा आणि टेबलाखाली काय ठेवायचं ते वेगळं ठरायचं. मशीन पैसे मागत नाही. नियम सगळ्यांना सारखा लावतं. तपासणी मशीनने करूच नये असं मी म्हणत नाही, नीट वाचा.

माझं भांडण वेगळ्याच ठिकाणी आहे. मशीनने फाईल परत केली, तेव्हा कायद्याच्या भाषेत नक्की काय झालं? अर्ज नाकारला का? नाही. अर्ज दाखल झाला का? तोही नाही. फाईल दारातूनच परत आली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे, तीच ती यूडीसीपीआर. मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर सगळीकडे, आपल्या कल्याण-डोंबिवलीतही. त्यात छोट्या माणसासाठी खरंच चांगली सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा द्या, शुल्क भरा, ती पावती हीच परवानगी. ३०० पर्यंत दहा दिवसांत परवानगी. भावाची जागा १०१ चौरस मीटर, म्हणजे त्याला पावतीच पुरे! नगररचना कायदा १९६६ चा, त्याचं कलम ४५ सांगतं की परवानगी नाकारायची तर कारणं द्या, आणि साठ दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जाईल. नाकारली तर कलम ४७ खाली अपील आहे. वर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यातही वेळेत सेवा आणि अपील आहे.

यातलं एकही घड्याळ भावासाठी सुरूच झालं नाही. अर्ज क्रमांक पडत नाही तोवर दहा दिवस मोजायचे कुठून, साठ दिवस मोजायचे कुठून? नकारच नाही तर अपील कशावर करायचं? इतके कायदे माणसाच्या बाजूने उभे, आणि माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण दारात एका लेयरच्या नावात स्पेस जास्त पडलीय.

आणि हे सगळं कोणाला भोगावं लागतं? जो नकाशा काढतो त्यालाच. माझ्या वीस वर्षांच्या बातमीदारीत अनधिकृत चाळींच्या जोत्यांवर जेसीबी फिरल्याच्या बातम्या मी इतक्या लिहिल्यात की इंट्रो पाठ झालाय. त्यातल्या एकाही चाळीची फाईल 'पॉलीलाईन बंद नाही' म्हणून परत आली नसेल. कारण फाईलच नव्हती. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं तर सगळ्यांना माहीत आहे. परवानग्याच बनावट, त्या दाखवून महारेराची नोंदणी, त्यावर विश्वास ठेवून लोकांनी घेतलेली घरं, आणि १९ नोव्हेंबर २०२४ ला उच्च न्यायालयाचा इमारती पाडण्याचा आदेश. ज्याने खोटा कागद छापला त्याला लेयर, युनिट, फॉण्ट, कशाचाच त्रास झाला नाही. त्रास झाला तो घर घेणाऱ्यांना, नंतर, हप्ते सुरू असताना. सहाव्यांदा फाईल परत आली त्या संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, "जाऊ दे ना, तसंच बांधतो. गावात सगळ्यांनी तसंच बांधलंय." मी त्याला थांबवलं. पण किती दिवस थांबवू, आणि कशाच्या जोरावर?

मागणी मोठी नाही. फाईल पहिल्यांदा अपलोड होते त्याच क्षणी क्रमांक आणि तारीख पडली पाहिजे. दुरुस्त्या नंतर होऊ द्यात, अर्जदाराला लागलेले दिवस वजा करा, पण फाईल आली होती याची नोंद राहू द्या. शेरा मराठीत द्या. स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी हवी असा कायदा राज्याने २०२२ मध्ये केलाय, तो फक्त पाट्यांपुरता आहे का? आणि शेरा लिहिताना 'अवैध' एवढ्यावर थांबू नका, कुठली रेषा, कुठला कोपरा, काय करायचं, तेही सांगा. मशीनला चूक सापडते म्हणजे ती कुठे आहे हेही त्याला माहीत असतं.

तपासणीचा तोच प्रोग्राम लोकांना घरी आधी चालवून बघायला फुकट द्या. आठवड्यातून एक दिवस प्रभाग कार्यालयात एक माणूस बसवा, जो स्क्रीनवर बोट ठेवून सांगेल. हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. याच कल्याण-डोंबिवलीच्या नागरी सुविधा केंद्राचं, ई-गव्हर्नन्सचं कौतुक राज्यभर झालं होतं आणि इतर शहरांनी ते उचललं होतं. त्या वेळी मी नवा बातमीदार होतो, बाहेरगावचे अधिकारी ते बघायला यायचे.

आणखी एक, यावर कोणी बोलत नाही. त्या पोराच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही. त्याच्यावर चोरीचा शिक्का मारायच्या आधी हेही बघा की या कंपनीने २०१६ मध्ये एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स नव्याने विकणं बंद केलं. आता वर्षाला भाडं. गाळ्याचं भाडं भरून हे भाडं भरणं त्याला झेपत नाही. लिब्रेकॅड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, साधा घराचा नकाशा त्यात उत्तम होतो, पण ते डीडब्ल्यूजीमध्ये सेव्ह करत नाही, डीएक्सएफमध्ये करतं. डीएक्सएफ काही परकं नाही, १९८२ पासून चालत आलेला, खुला छापलेला प्रकार आहे. मग सरकारी दारात तो का चालू नये? एका खाजगी कंपनीचा फॉरमॅट सक्तीचा करायचा आणि गरीब पोराने क्रॅक वापरला की नाक मुरडायचं, हे बरोबर नाही. कोणाला खोल्या फक्त मांडून बघायच्या असतील, पलंग कुठे, ओटा कुठे, तर स्वीट होम थ्रीडी फुकट आहे, घरच्या घरी करा. मंजुरीला त्याचा उपयोग नाही, पण बांधल्यावर दार पलंगाला आपटणार नाही.

भावाची फाईल सोमवारी सातव्यांदा चढवली. या वेळी क्रमांक पडलाय. मी त्याला सांगितलंय, त्या पानाचा फोटो काढून ठेव, प्रिंटही काढ, तारीख दिसू दे.

तुमच्यापैकी ज्यांची फाईल अशी परत आलीय त्यांनी स्क्रीनशॉट मला इनबॉक्स करा. नाव, गट नंबर, मोबाईल झाकून पाठवा. कोणत्या तारखेला चढवली, काय शेरा आला, पुढे काय केलंत, एवढं लिहा. वीस-पंचवीस जमले की मी स्वतः निवेदन घेऊन जाईन, आणि पोच घेतल्याशिवाय परत येणार नाही. नकाशे काढणाऱ्या पोरांनी तर जरूर लिहा, तुमच्याकडे असे परत आलेले शेरे सगळ्यात जास्त असणार.