जनसुनावणी टळली, प्रश्न टळला नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजांच्या खाण प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. आपल्या क्षेत्रातल्या अनेकांना हायसे वाटले असेल. आम्हांला मात्र ही सूट खाण अभियंत्याचेच नुकसान करणारी वाटते.

झारखंडमधल्या जादूगोडा पट्ट्यातल्या खनिजात युरेनियमचे प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी. टनभर दगड दळावा, तेव्हा किलोभरही युरेनियम हाती येत नाही. बाकी सगळे टेलिंग. त्यातला भरड भाग खाणीतल्या पोकळ्या भरायला जातो, बारीक गाळ तलावात. मूळ दगडातली सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता या टेलिंगमध्येच राहते आणि त्यातल्या थोरियम-२३० चे अर्धायुष्य तब्बल ७५ हजार वर्षे आहे. अधिकारी बदली होऊन जातात. तलावाशेजारची संथाळ आणि हो कुटुंबे तिथेच राहतात. डिसेंबर २००६ मध्ये जादूगोड्यात टेलिंगची नळी फुटून गाळ नाल्यात गेला, तेव्हा ते आधी लक्षात आले गावकऱ्यांच्या.

पावसाळ्यात ओढा कुठे पात्र सोडतो, गुरे कुठल्या पाण्यावर जातात, जाहेर म्हणजे गावाची पवित्र राई कुठे आहे, हे सर्वेक्षणाच्या नकाशात सहसा नसते. सुनावणीत, कितीही गोंधळ असला तरी, ते कानावर पडते.

ऑस्ट्रेलियातल्या रेंजर युरेनियम खाणीचा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने अभ्यासावा. १९७६ च्या भूमी हक्क कायद्याने तिथल्या नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासींना खाणकाम नाकारण्याचा अधिकार दिला. रेंजर मात्र त्यातून वगळली. त्या भूमीच्या पारंपरिक मालक असलेल्या मिरार लोकांचा विरोध चौकशी अहवालात नोंदवला गेला आणि तिथेच राहिला. खाण निघाली, चालली. पुढे त्याच लोकांच्या भूमीवरच्या जाबिलुका साठ्याची पाळी आली, तेव्हा रेंजरचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९९८ मध्ये मिरारांच्या नेत्या इव्हॉन मार्गारुला यांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी खाणीची वाट अडवली. खोदलेला बोगदा कंपनीला पुन्हा बुजवावा लागला आणि २००५ च्या करारात मिरारांच्या संमतीशिवाय इथे खाणकाम नाही, हे तिने मान्य केले. ती संमती आजवर मिळालेली नाही. एवढा समृद्ध साठा जमिनीतच राहिला! रेंजरचे खनिज प्रक्रियेचे काम जानेवारी २०२१ मध्ये थांबले. आता तिथले टेलिंग दहा हजार वर्षे पर्यावरणापासून अलग ठेवण्याची अट पाळायची आहे आणि पुनर्वसनाचा अंदाजित खर्च दोन अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला आहे.

सूट मिळाली म्हणून गावाशी बोलायला कुणी बंदी केलेली नाही. तलावाची जागा नकाशावर पक्की होण्याआधी ग्रामसभेसमोर जावे, संथाळी किंवा हो भाषेत बोलणारा माणूस सोबत घेऊन. विहिरींच्या पाण्याची तपासणी गावाला विश्वास वाटेल अशा प्रयोगशाळेकडून व्हावी, आकडे पंचायतीच्या फलकावर लागावेत. आणि ग्रामसभा नाही म्हणाली, तर तो नकार प्रकल्प अहवालाच्या पहिल्या प्रकरणात यावा, परिशिष्टात नव्हे.