साडीचे पैसे

दिवाळीच्या अंकात मयताचा विषय काढते म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. आज फराळाच्या ताटांभोवती जी माणसे बसली आहेत, ती यापूर्वी अशी एकत्र कधी जमली होती, हे जरा आठवून पाहावे. पुष्कळ घरांत उत्तर येईल: कुणाच्या तरी मातीला.

माझे भांडण आहे ते एका वाक्याशी. ‘जाऊन काय करणार? गेलेले माणूस थोडेच परत येणार आहे!’ हे वाक्य हल्ली मोठ्या शहाणपणाचे समजले जाते. बायकांच्या बाबतीत त्याला आणखी एक शेपूट: ‘स्मशानात तर तुम्ही येणारच नाही.’ गेल्या माघात पाटणजवळच्या गावी आमची थोरली आत्या वारली, तेव्हा धाकट्या बंधूंनी मला हे शेपटासकट ऐकवले आणि फोनवरून दोन हजार रुपये धाडले. साडीचे पैसे!

आमच्याकडे बाई कितीही म्हातारी होऊन मरो, अखेरचे लुगडे तिला माहेरचेच लागते. माहेरचे माणूस पोचेपर्यंत तिला उचलत नाहीत. साठ वर्षे सासरी नांदलेली, पणतवंडे पाहिलेली बाई त्या सकाळी पुन्हा कुणाची तरी लेक होते. आता सांगा, हे काम दोन हजार रुपये कसे करणार?

2020 साली टाळेबंदीत अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा होती. त्या वर्षी मामा गेले. मी फोनच्या काचेवर चिता पाहिली आणि काच विझल्यावर उठून भाताला फोडणी दिली. रडू आले ते दोन महिन्यांनी, वहीत तारीख लिहिताना. तेव्हा नाइलाज होता. पण त्या नाइलाजाची आम्हांला पुढे गोडीच लागली! जो आजारी आहे, परमुलखात आहे, ज्याला रजा मिळत नाही, त्याच्याशी माझा वाद नाही. माझा वाद ज्याला जाता येते त्याच्याशी.

आम्ही चौघे स्वारगेटहून रात्री साडेनऊच्या एस.टी.ने निघालो. थोरले चुलतभाऊ, धाकटी काकू, मी आणि चुलतबहीण आक्का. आक्काशी घराच्या वाटणीवरून सहा वर्षे माझे बोलणे नव्हते. काकू पंच्याहत्तरीच्या पुढची, तिला 2022 पासून तिकीटच नाही. मला नि आक्काला 2023 पासून अर्धे. पूर्ण तिकीट एकट्या दादांचे. ‘मयताला निघालेल्या बायकांचा भाव उतरलाय,’ असे ते म्हणाले, तेव्हा आक्का आणि मी एकदमच हसलो. मग दोघींनीही खिडकीकडे तोंड फिरवले. खिडकी एकच होती.

खंबाटकीच्या घाटात काकूने मांडीवरचे गाठोडे सोडून दाखवले. लेकीने तिच्यासाठी घेतलेले, घडीही न मोडलेले इरकली लुगडे. ‘मला काय, मी अजून आहे,’ म्हणाली. मग आत्याच्या गोष्टी निघाल्या. लग्नानंतर पहिल्याच पंचमीला आत्या माहेरी आली आणि परत जायचे नाही म्हणून कणगीत लपून बसली, शोधाशोध झाली, शेवटी शिंक आली म्हणून सापडली. काकूने ती शिंक काढून दाखवली आणि आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी वळून विचारले, ‘लग्नाला निघालात वाटतं?’ काकू म्हणाली, ‘नणंदेच्या मातीला.’ गृहस्थांची मुद्रा पाहण्यासारखी झाली. अशा वेळी हसणे त्यांना असभ्य वाटले असणार. मला विचाराल तर हसण्यासारखे काही मागे न ठेवता जे जातात, त्यांचीच कीव करावी.

कराडला उतरलो तेव्हा दीड वाजला होता. पाटणची पहिली गाडी पहाटे. स्वतःची मोटार असती तर हे चार तास वाचले असते, असे कुणी म्हणेल. वाचवून काय केले असते? त्या चार तासांत स्टँडच्या बाकावर थंडीने काकडत काकूच्या दोन बाजूंना आम्ही दोघी बसलो, एकच शाल तिघींवर घेतली. काकूला डुलकी लागली. तिच्या डोक्यावरून आक्का हळूच म्हणाली, ‘तुझ्या गुडघ्याचं कसं आहे गं आता?’ माझा गुडघा दुखतो हे तिला कुणी सांगितले, ते मी विचारले नाही. ‘बरं आहे,’ म्हणाले, आणि मग मात्र मला रडू आवरेना. मामांचेही त्यातच असावे.

सकाळी अंगणात पोचलो तशी आत्याची जाऊ उठून म्हणाली, ‘आलं गं बाई तुझं माहेर!’ लुगडे मी आणि आक्काने मिळून नेसवले. निऱ्या तिने धरल्या.

वाटणीचा तंटा अजून मिटलेला नाही, तो मिटेलच असेही नाही. बंधूंचे दोन हजार रुपये माझ्या खात्यात तसेच पडून आहेत. परत पाठवले असते, पण फोनवरून नाही पाठवणार. त्यांनी येऊन घेऊन जावेत.