अक्षरापायी अक्षता

लग्नपत्रिका वाचण्यासाठी असते, असा माझा आपला एक बाळबोध समज होता. पुतणीच्या लग्नात तो दूर झाला. पत्रिका हाती आली ती मी आधी उलटी धरली, मग सुलटी. फारसा फरक पडला नाही. श्रीगणेशापासून कार्यालयाच्या पत्त्यापर्यंत सगळा मजकूर एकाच लफ्फेदार, 'हाताने लिहिल्यासारख्या' टाइपात! वेलांट्या वरच्या ओळीत घुसलेल्या, उकार खालच्या ओळीतल्या मामांच्या नावात पाय सोडून बसलेले.

"काका, एलिगंट आहे!" पुतण्या म्हणाला. पत्रिका त्यानंच कॉम्प्युटरवर जुळवली होती.

असेल. माझं भांडण सौंदर्याशी नाही. असले टाइप करणारी माणसं थोरच. फ्रान्सच्या रॉजर एक्स्कोफाँनी १९५३ साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्ट्रल' केला. त्यात एका अक्षराची शेपटी पुढच्याला अशी बिलगते की सांधा दिसत नाही. जर्मन अक्षरकार हेरमान झाप्फ यांचा 'झाप्फिनो' १९९८ सालचा. त्यात एकेका अक्षराची अनेक रूपं आहेत, कारण जिवंत हात तेच अक्षर दोनदा अगदी तसंच काढत नाही. आमच्या पत्रिकेत मी सतरा 'र' मोजले. सतराही एका साच्यातले गणपती. मग हातानं लिहिल्याचं सोंग तरी कशाला?

आणि हे टाइप मुळात मथळ्याचे. दुकानाची पाटी, अत्तराची बाटली, नाटकाचं नाव. दोन-चार शब्द, तेही ठळक. वधूवरांची नावं खुशाल त्यात छापा, मी स्वतः कौतुक करीन. पण पैठणी नेसून कोणी भांडी घासत नाही. पत्ता, तारीख, वेळ ही भांडी घासण्याची कामं. तिथं सुती लुगडंच हवं. आपली मोडीही वळणदार होती म्हणा (आणि वाचणाऱ्याचा जीव घ्यायची, हेही कबूल), पण तिचं वळण लिहिणाऱ्याचा वेळ तरी वाचवायचं. इथं लिहिलंय कुणी?

मुहूर्त होता ९ वाजून ३७ मिनिटांचा. त्या नऊच्या आकड्याला असा काही झोकदार फाटा दिला होता की साताऱ्याच्या आमच्या आत्याला तो एक दिसला. वय चौऱ्याऐंशी. पत्रिकेबरोबर दिलेल्या अक्षता रुमालात बांधून ती पावणेएकला कार्यालयात पोचली, तेव्हा दुसरी पंगत उठत होती.

"डोळेच गेले रे माझे," ती म्हणाली. पत्रिकेला बोल लावायचं तिच्या मनातही आलं नाही. रुमालाची गाठ तिनं सोडलीच नाही.

मग पिशवीतून आहेराचं पाकीट काढलं. वर कापऱ्या हातानं दोघांची नावं लिहिलेली. रेघ हलली होती, पण एक काना चुकला नव्हता. पुतण्यानं ते निरखून पाहिलं. मला वाटलं, आता तरी शरमेल.

"वा!" तो म्हणाला, "काका, याचा फॉन्ट करता येईल."