वाटी म्हणजे नक्की किती?

आमच्या ऑफिसात सध्या बेकिंगची साथ आलीय. परवा एका मैत्रिणीने डब्यातून केक आणला. तो सुरीने कापायचा की करवतीने, यावर लंच-अवरमध्ये चर्चासत्रच झालं! रेसिपी अमेरिकन. 'दोन कप मैदा' असं वाचून बाईंनी कप थेट मैद्याच्या डब्यात खुपसला होता.

सगळा घोळ इथेच होतो, मंडळी. कप हे वजनाचं माप नाही, आकारमानाचं आहे. 240 मिलीच्या कपात पाणी 240 ग्रॅम बसतं, साखर साधारण 200, तर मध 340च्या आसपास. मैदा चमच्याने हलकेच भरून वरून सुरीने सपाट केलात तर 120-125 ग्रॅम. डब्यात खुपसून भरलात तर सहज दीडशे. पिठात हवा असते, दाबलं की ती जाते. म्हणजे दोन कपांमागे 50 ग्रॅम मैदा जास्तीचा, आणि दूध-अंडी मात्र तेवढीच. केक बिचारा काय करणार?

बरं, कप तरी एकच आहे? अमेरिकन कप 237 मिलीचा, ऑस्ट्रेलियन 250चा. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून 20 मिलीचा, अमेरिकेचा 15. बोस्टनच्या फॅनी फार्मरबाईंनी 1896च्या पुस्तकात 'माप सपाट करूनच घ्या' असं बजावलं, ते याचसाठी. सरळ 'वजन करा' म्हणाल्या असत्या तर आपला ताप वाचला असता.

आपल्या भात-आमटीला हा प्रश्न पडत नाही. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी; वाटी तीच असली की झालं, मग ती केवढी का असेना. गोची होते ती किलो आणि वाटी एकाच रेसिपीत आल्यावर. आमच्या आजीचं श्रीखंड घ्या. 'अर्धा किलो चक्क्याला तीन वाट्या साखर.' आई तेवढीच घालते, तरी ते आजीच्यासारखं लागत नाही, हा आमच्या घरातला जुना वाद. आजी आता चौऱ्याऐंशीची आहे. म्हटलं, निकाल लावूनच टाकू.

पाडव्याला डिजिटल काटा घेऊन गेले. (काही शे रुपयांत मिळतो, एका पिझ्झाचे पैसे!) रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. 150 ग्रॅम, म्हणजे वाटी 150 मिलीची. तुमच्या घरची वाटीही अशीच मोजता येते. आईने सपाट भरलेली साखर 125 ग्रॅम भरली. मग आजीने तिच्या पद्धतीने भरली, छान शीग लावून. 160! तीन वाट्यांमागे शंभरावर ग्रॅमचा फरक. आई गप्प. आजी म्हणाली, "मग वाटी कशाला मोजता, माझा हात मोजा की."

480 ग्रॅम साखर, असं मी फ्लॅटवरच्या कपाटाच्या दाराला आतून लिहून लावलंय. मीठ, सोडा, वेलची यांच्यासाठी मात्र चमचाच बरा. एक-दोन ग्रॅमला साधा काटा दाद देत नाही. जायफळ किती, ते आजीने अजून सांगितलेलं नाही. "वास येईपर्यंत किसायचं," एवढंच म्हणते.