त्रैराशिक येते का?

आपल्या बारामती-इंदापूर भागात बारावी झाली की पुष्कळ मुली नर्सिंगला जातात. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे. औषधशास्त्र त्यांना असतेच आणि पाठांतरही चांगले असते. कोणते औषध कशावर, त्याचे दुष्परिणाम कोणते, हे घडाघडा सांगतात. पण हातात बाटली देऊन ‘दहा किलोच्या पोराला यातले किती देशील?’ असे विचारले, की बऱ्याचजणी घुटमळतात. यात मुलींचा दोष मला फारसा वाटत नाही. शाळेत त्रैराशिक आपण आंबे आणि मजुरांवर शिकवले, औषधावर कधी शिकवलेच नाही.

साधे तापाचे पॅरासिटामॉल घ्या. मुलाच्या वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम हा एका वेळचा डोस. म्हणजे दहा किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम. आता दुकानात हेच औषध कसे मिळते? एका बाटलीत ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीत २५०, आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. पहिल्यातले ५ मिली बरोबर, दुसऱ्यातले अडीच मिली, थेंबांतले फक्त एक मिली. कोणी थेंबांचे औषध ‘एक चमचा’ म्हणून ५ मिली पाजले, तर पोराच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाते. असे दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस झाले, तर यकृताला इजा होते, आणि सुरुवातीला ती वरून दिसत नाही. शिवाय घरातला चमचा हे मापच नव्हे. चहाचा वेगळा, पोह्यांचा वेगळा. बाटलीबरोबरचे टोपण किंवा पिचकारी वापरावी.

ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवर हे जास्त जाणवते. आई फडात, पोर थोरल्या बहिणीजवळ. तिला ‘सीसी’ सांगून उपयोग नाही, टोपणावर पेनाने रेघ मारून द्यावी लागते. हे काम नर्सच करू शकते. डॉक्टरांना तेवढी सवड नसते, हे मी डॉक्टर असूनच म्हणतो.

इन्सुलिनचे तर आणखी अवघड. आपल्याकडे नेहमीच्या कुपीत एका मिलीत ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १००. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची साधारणपणे लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या कुपीतले औषध १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला मिळतात फक्त ८ युनिट, आणि साखर का उतरत नाही म्हणून सारे घर हैराण. उलट झाले, तर २० ऐवजी ५० युनिट जातात. आजोबा पहाटे बेशुद्ध सापडतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की औषधाच्या हिशोबाची परीक्षा वेगळी घ्यावी, खरी बाटली आणि खरी सिरिंज हातात देऊन. दहापैकी दहा गणिते बरोबर आल्याशिवाय मुलीला वॉर्डात औषध देऊ देऊ नये. इतर विषयांत पन्नास टक्क्यांनी पास होता येते; इथे नव्वद टक्के म्हणजे दहावा रुग्ण चुकीच्या डोसचा.

आम्हा डॉक्टरांनाही सोडत नाही. औषधाचे नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे, असा नियम २०१६ साली झाला. किती चिठ्ठ्या तशा दिसतात? ‘युनिट’ पूर्ण न लिहिता इंग्रजी यू काढला, की तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. अशा वेळी शिकाऊ मुलीने बेधडक विचारावे. ‘एवढेही कळत नाही का?’ म्हणून तिच्यावर ओरडणारे काही सीनियर असतात; ती पुढच्या वेळी विचारत नाही.

वाचकांना एकच विनंती. मुलाला दवाखान्यात आणताना घरी चालू असलेली औषधाची बाटली पिशवीत घालून आणा. ‘ते गुलाबी औषध’ एवढ्यावरून आम्हाला डोस सांगता येत नाही.